पार्बताबाईचा खोकला

वामनरावांनी आयुष्यात एकंदर सतरा वेळा विमान उडवलं, आणि सतराही वेळा ते जेवणाच्या पंगतीतून उडालं. दर खेपेला उंची वाढायची. लेकीच्या, रागिणीच्या लग्नात ते जिनिंग गिरणीच्या धुराड्याइतकं वर होतं. नात झाली, मायाचं बारसं झालं, तोवर ते नरनाळ्याच्या किल्ल्यावरून गेलं. आणि आता सत्त्याहत्तरावं लागल्यावर, खाली पाहिलं की अख्खं अकोट तिळाएवढं दिसतं, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

त्या शनिवारी मळ्यात ते अठराव्यांदा सुटायच्या बेतात होतं. सागर, वामनरावांचा थोरला, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांमधे, कणकेचे रोडगे उलटे-पालटे करत होता. त्याची बायको माहेरी गेलेली, म्हणून वांग्याची भाजी पार्बताबाईने एकटीने चुलीवर चढवली होती. अमरावतीहून सकाळच्या एसटीने रागिणी, जावई देवमन आणि माया अंजनगाव मार्गे येऊन पोचले होते. बेत रोडग्यांचा म्हटला होता, पण खरा बेत मायाचा होता. विमानोड्डाणाच्या शाळेत तिची निवड झाली होती. मंगळवारपर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि हो म्हटलं तर अमरावतीच्या कॉलेजातून दाखला काढून परराज्यात जायचं होतं. खर्चाचं भांडण मागच्या दिवाळीत सगळ्यांनी मनसोक्त भांडून संपवलं होतं. आता राहिलं होतं ते रस्त्याचं.

"मंग आबाजी, इमान बंद पडलं तवा?" मायाने विचारलं. तिला ते पाठ होतं, तरी विचारलं.

"बंदच पडलं ना बाप्पा! खाली कपाशीची पऱ्हाटी, वर मी, आन मधात फवारणीचं इमान. पंखा फिरन तं कसा फिरन? मी म्हटलं, वामन्या, आता बसून काय फायदा. उतरलो खाली, एका ढगावर पाय रोवला, आन मारला धक्का. गुर्र करून चालू!"

"मामाजी," देवमन म्हणाला. तो पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होता आणि मोजमाप पुस्तकात चढल्याशिवाय धरणातलं पाणीसुद्धा खरं मानत नसे. "ढगावर पाय कसा काय रोवला, थे सांगा."

"उजवा रोवला, जावाईबापू. डावा इमानातच होता. दोन्ही काढले असते तं इमान पळून नसतं गेलं?"

माया खो-खो हसली. देवमन हसला नाही. एकवीस वर्षं तो या विमानाचा पुरावा मागत होता आणि एकवीस वर्षं सासरा त्याला ढग दाखवत होता.

"हसनं पुरे," सागर काठी आपटून म्हणाला. "माहं म्हननं असं हाय, का पोरीनं फौजेत जावं. वर्दी असते, मान असते. गावात नाव निघते."

"मामा, थो रस्ता मी पाहून आली," माया म्हणाली. "एनडीएची लेखी निघाली होती माही. पाच दिवसाच्या मुलाखतीत राह्यली. आता तं वयही निघून गेलं."

"आता इंजिनेरिंग कर," देवमन म्हणाला. "पदवी झाली का पाह्यता येते पुढचं. पदवीवाल्यायलेही हवाई दलात घेतात. घाई कायची हाय?"

रागिणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती आणि वर्गातला आवाज तिला घरी आणायची सवय होती. "घाई? अवो, दरवेळी तुमी एक नवा फाटा काढता! दहावी झाल्यावर म्हनले डाक्टरी कर, गनित सोडून दे. पोरीनं सोडलं. मंग समजलं का पायलटले बारावीचं गनित आन भौतिकशास्त्र दोन्ही लागते. तिनं बिचारीनं ओपन स्कूलमधून एकटं गनित दिलं, पास झाली. आता निवड झाली तं म्हनता इंजिनेरिंग! चार वर्सानं काय म्हनान, कीर्तन शिक?"

"मी तिच्या भल्याचंच म्हनून राह्यलो."

"भलं हाय तं मंग वाट काहून अडवता?"

देवमनने रोडग्यावरची राख झटकली. रोडग्यावर राख नव्हतीच.

मायाने मधे पडून सांगायला घेतलं. बाप आणि आई यांच्यामधे पडायचं तंत्र तिला लहानपणापासून येत होतं. "मामा, पाहा. एक रस्ता फौजेचा. दुसरा विमान कंपन्यायचा, थे आपलीच परीक्षा घेतात, आपल्याच शाळेत धाडतात. आन तिसरा हा माहा. शाळेत जायचं. हवामान, दिशा, आकाशातले कायदे, असे पेपर द्यायचे. दोनशे घंटे इमान उडवायचं. मंग लायसन भेटते."

"दोनशेच घंटे?" सागर म्हणाला. "अवं, म्या अकोट ते अकोला टमाटे घेऊन दहा हजार घंटे गाडी चालवली. मले कोनी टोपी नाई देली."

"तुमची गाडी बंद पडली तं बाजूले लावता येते, मामा."

"तुह्या आबाजीनं तं हवेत लावली होती!"

पार्बताबाई वांग्यात मीठ टाकता टाकता म्हणाली, "पन चष्मा चालते का व पोरीचा?"

"चालते, आई," रागिणीने मोबाईल काढला. "त्यायनं यादीच धाडली हाय. मेडिकल तिथी गेल्यावर होईन. नावापुरतीच असते, आपली पोरगी धडधाकट हाय. हे पाहा. कान, नाक, छाती, रक्तदाब, चष्म्याचा नंबर, रंगदृष्टी..."

"थे काय असते?"

"लाल, हिरवा ओळखता आला पाह्यजे. नाई आला तं तिथूनच वापस."

वामनरावांच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाशीच राहिला.

आता या घराण्यातली एक चाल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घरातला गडीमाणूस फळाचा तोडा करत नसे. नांगरायचं, पाणी धरायचं, पोती उचलायची. पण पिकलं टमाटं, लाल मिरची तोडायची आणि निवडायची ती बायांनीच. वामनरावांच्या आज्याला म्हणे विहिरीतल्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, दिसल्या होत्या. केस पिळत काठावर बसून त्यांनी बजावलं होतं, 'तुह्या घरच्या गड्यानं पिकल्या फळाले हात लावला तं मळा वाळन.' सागर पंचेचाळीसचा झाला, तीन वर्षं शेतकी शाळेत शिकला, पण वेलीवरच्या टमाट्याला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. अकोल्याच्या बाजारातसुद्धा वामनराव भाव करायचे आणि पार्बताबाई शेजारी बसून खोकायची. तिला दमा आहे, असं अर्धा बाजार समजत होता.

आज्याला आसरा दिसल्याच नव्हत्या. आज्याला तर विहीरही नव्हती.

"रंग ओळखायले डाक्टर कायले पाह्यजे?" सागर म्हणाला. तोडून ठेवलेल्या मिरचीला आसरांची हरकत नव्हती, म्हणून त्याने ठेच्यासाठी काढलेल्या ताटातून दोन मिरच्या उचलल्या आणि वामनरावांच्या पुढे धरल्या. "घ्या, आमच्या पायलटाची मेडिकल! बाबा, कोनती लाल?"

सगळे हसत वळले. वामनरावांना दोन मिरच्या दिसल्या. दोन्ही सारख्या मातकट, दोन्ही तिखट. त्यांनी सावकाश डावीकडे बोट नेलं. चुलीकडून दोन खोकले आले. त्यांनी बोट उजवीकडे नेलं. एक खोकला.

"हे लाल."

"पास!" माया ओरडली आणि टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनीच घात केला. त्रेपन्न वर्षं त्या खोकल्यावर वामनरावांचा संसार चालला होता. एकदा खोकलं तर पिकलं, दोनदा खोकलं तर कच्चं. पण ही पोर परमुलखात एकटी जाणार, कुठल्याशा डॉक्टरसमोर बसणार. तिथे कोण खोकणार? आणि तिथूनही सुटली, तर वर आभाळात कोण खोकणार? वापस पाठवलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते त्यांनी एकदा पितळी हंड्याच्या पाण्यात स्वतःचं पाहिलं होतं. त्या तोंडाला लपवायलाच तर त्यांनी विमान उडवलं होतं.

त्यांनी पुढ्यातलं रिकामं ताट बाजूला सारलं.

"माया, मी इमान चालवलं नाई."

"आबाजी, माहीत हाय. धक्का देला."

"तसं नाई व. धक्काही नाई देला. मी इमानात कंदी बसलोच नाई."

आरात एक गोवरी फुटली. देवमनने मान वर केली. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पुरावा आज हातात आला होता.

"लग्नाच्या आधल्या वर्सी अकोल्याकडे फवारणीचं इमान आलं होतं, थे खरं हाय," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज गोष्ट सांगायचा नव्हता; सातबारा वाचावा तसा होता. "मी झेंडीवाला होतो. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभं राह्यचं. वावरात मानूस असला तं लाल झेंडी, नसला तं हिरवी. मले दोन्ही एकसारख्याच दिसत. मंग मी उजव्या हातात लाल, डाव्या हातात हिरवी, असं धरून ठेवो. एक दिवस पानी प्यायले झेंड्या खाली ठेवल्या. उचलताना हात बदलले."

"मंग?" मायाने विचारलं.

"वावरात निंदनाऱ्या नऊ बाया होत्या. आन डवऱ्याचे बैल घेऊन नत्थुजी. इमान आलं, सरं औषीद त्यायच्या अंगावर. मेलं कोनी नाई. पन बाया ओकून ओकून बेजार झाल्या. नत्थुजी आठ दिवस दवाखान्यात होता. मले सायबानं तिथूनच हाकललं. घरी येताना रस्त्यात लोकं इचारत, इमानावरचं काम काहून सोडलं बे? मी म्हनलं, सोडलं नाई, चालवून चालवून कंटाळलो."

नत्थुजी सहा वर्षांपूर्वी वारला होता. तो दर पोळ्याला बैल घेऊन दारात यायचा आणि म्हणायचा, 'काय रे पायलट, बरा हायस ना?' घरातल्या सगळ्यांना ती दोस्ताची थट्टा वाटायची. ती माफी होती, हे वामनरावांनाच ठाऊक होतं. ती त्यांनी दर वर्षी पुरणपोळीबरोबर खाली मान घालून खाल्ली होती.

सागरचं डोकं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. "थांबा. म्हन्जे आसरा?"

"नाई."

"आज्याले दिसल्या थ्या..."

"कोनालेच नाई दिसल्या."

"म्हन्जे मी पंचवीस वर्सं तोड्याले बाया लावून राह्यलो, सोता धुऱ्यावर बसून राह्यलो..."

"तुले बसायले आवडतही होतं," पार्बताबाई म्हणाली.

"आई, तुले ठाऊक होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. मी हिरवं लुगडं नेसून बसली होती, तं हे म्हने, लाल तुले लय शोभते."

"मंग बोलली काहून नाई?"

पार्बताबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मानूस पह्यल्यांदाच काई गोड बोलला होता. कायले मोडू?"

माया आजोबांकडे बघत होती. रागावली आहे की रडणार आहे, ते कळेना. वामनरावांना रंग ओळखता येत नसले तरी माणसाचं तोंड ओळखता येई; आज तेही येईना. "पोरी," ते म्हणाले, "माह्या रक्तात हाय हे. तुह्यात उतरलं असन तं? दाखला काढायच्या आधी डोये तपासून घे. म्हनून मी सांगितलं. नाई तं अठराव्यांदाही उडवलंच असतं."

रागिणी मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होती. एकदम तिचा चेहरा उजळला. "काई नाई होत! हे पाहा, अठी लिहेल हाय. हे आईकडून पोरायले येते. पोरीले सहसा येत नाई. पोरीचा बापही तसाच असला तरच येऊ शकते." ती हसली. "बाबा, कायले जीव टांगनीले लावला सगळ्यायचा! वाढ व आई, रोडगे थंडे होऊन राह्यले."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सागरने रोडगे फोडले, त्यात तूप सोडलं. वामनरावांना वाटलं, आपण उगाचच नागवे झालो. पण अंग हलकं लागत होतं, पोतं उतरवल्यावर पाठ लागते तसं.

"जावाईबापू, घ्या ना," पार्बताबाई म्हणाली.

देवमनच्या ताटात रोडगा तसाच होता. तो दोन्ही हातांनी ताटाची कड धरून बसला होता.

"भुसावळले," तो म्हणाला, "मी नाई म्हनलं नोतं."

रागिणीचा हात तुपाच्या वाटीत थांबला. भुसावळची गोष्ट या घराला ठाऊक होती. देवमनला रेल्वेत इंजिन चालवायची नोकरी लागली होती, पण आई आजारी पडली म्हणून त्याने ती स्वतःहून नाकारली. सोयरीक जमताना वामनराव सगळ्यांना हेच सांगत फिरले होते, 'पोरगा असा, का आईसाठी रेल्वे सोडली!'

"लेखी परीक्षा पास झालो होतो. मेडिकलले एका अंधाऱ्या खोलीत बशवलं, दूर बारके बारके दिवे लावले. कोनता दिवा, सांग म्हने. मी अंदाजानं सांगत गेलो." देवमनने ताट खाली ठेवलं. "मायची तब्येत चांगली ठणठणीत होती तवा."

"एकवीस वर्सं," रागिणी म्हणाली. वर्गातला आवाज कुठेतरी गेला होता. "एकवीस वर्सं तुमी बाबायले पुरावा मागून राह्यले. आन तुमच्या मोज्यायचा रंग मी तुमाले सांगून राह्यली, मले वाटे तुमचं ध्यान नसते!"

"म्हनून म्हनत होतो, इंजिनेरिंग कर. चार वर्सं दुसऱ्या वाटेनं गेली तं हे वाट आपोआप इसरून जाईन. खोलीत बसून दिव्यायचे अंदाज तं नाई सांगा लागनार."

"आन मले इचारायचं नाई?" माया म्हणाली.

ती उभी राहिली होती. "आबाजीनं ढग दाखवले, तुमी इंजिनेरिंग दाखवलं. सगळे मले झाकून ठेवून राह्यले. डोये तं माहे हायत ना?" तिने हात धुतले, ओढणीला पुसले. "आई, आता किती चान्स हाय?"

रागिणीने मोबाईलकडे पाहिलंही नाही. "आठ आने," ती हळूच म्हणाली. "असन, नाई तं नसन."

"मामा, अकोटात डोयाचे डाक्टर कितीपर्यंत बसतात?"

सागरने पिकअपची चावी काढली.

पुढे सागरशेजारी रागिणी आणि माया बसल्या. त्यांच्या मागे, उघड्या हौद्यात, टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटवर पार्बताबाई आणि ते दोघे सासरा-जावई. पार्बताबाई पदराने तोंड झाकून पाठमोरी बसली होती. दोन गडी समोरासमोर हिंदकळत होते. गेल्या एकवीस वर्षांत ते असे जवळ बसले नव्हते. लग्नातही मधे भटजी होता.

"सिग्नलले काय करता हो तुमी?" वामनरावांनी विचारलं.

"वरचा दिवा लागला का थांबतो. खालचा लागला का जातो."

"आडवा सिग्नल असला तं?"

"पुढच्या गाडीच्या मांगं मांगं."

वामनरावांनी मान हलवली. युक्ती बरी होती. "मी तं हिच्याकडे पाह्यतो. एक खोकला म्हन्जे बरोबर, दोन म्हन्जे चूक."

रस्त्यात खड्डा आला. दोघांनी एकदमच कॅरेट धरलं.

"मामाजी," देवमन म्हणाला, "तुमच्या इमानाचा मले राग काहून येत होता, सांगू? तुमाले हाकललं, तं तुमी घरी येऊन उडाले तरी. मी घरी आलो आन नुसता बसलो."

वामनरावांना यावर खूप काही सुचलं. त्यातलं एकही खरं नव्हतं, म्हणून त्यांनी जावयाचं हिंदकळणारं कॅरेट पायाने दाबून धरलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जेवायला उठायच्या बेतात होत्या, पण तूप लागलेल्या हातांचं सगळं खटलं दारात पाहून परत बसल्या. सागर गाडीपाशी थांबला. बाकीचे आत भिंतीला लागून उभे राहिले.

"कोणी बोलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांगायचं नाही, सुचवायचं नाही. नाहीतर सगळ्यांना बाहेर काढीन. ही पक्की मेडिकल नाही हं, ती त्यांच्याच डॉक्टरांकडे होईल. पण मला कळेल."

त्यांनी ठिपक्यांचं एक पुस्तक काढलं आणि पहिलं पान मायापुढे धरलं. लहान-मोठ्या ठिपक्यांचा गोल.

"बारा," माया म्हणाली.

वामनरावांनाही बारा दिसले. चांगले ढळढळीत बारा. त्यांनी देवमनकडे पाहिलं. त्याचेही डोळे चमकले होते. म्हणजे एवढं काही अवघड नव्हतं तर!

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं.

वामनरावांनी डोळे बारीक केले. ठिपके हलले, थोडे गोळा झाले आणि त्यातून एक आकडा निघाला. तीन. नक्की तीन. त्यांनी शेजारी पाहिलं. देवमनने पाठीमागे धरलेल्या हाताची तीन बोटं त्यांना हळूच दाखवली. दोघांचं पटलं होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. आता पोरीने तीन म्हणावं, की झालं.

मायाने चष्मा वर सरकवला. पानाकडे पाहिलं. जरा वाकून पाहिलं.

"आठ."

देवमनची बोटं मिटली. वामनरावांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. पोरीला आठ दिसत होते, तिथे सरळसरळ तीन होते! आपल्या रक्ताने आणि जावयाच्या रक्ताने मिळून पोरीचं आभाळ खाल्लं. त्यांना धुऱ्यावरचा तो दिवस आठवला, डोक्यावरून गेलेला आवाज, आणि मग बायांच्या किंकाळ्या. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. रागिणीने डोळे मिटून घेतले होते. आता विचारायचं कोणाला?

विचारायचं एकच ठिकाण होतं. वामनरावांनी मान वळवली. देवमननेही वळवली, कारण वामनरावांनी वळवली होती. पुढच्या गाडीच्या मागे मागे.

पार्बताबाई दारालगत उभी होती. ती शाळेत दोनच वर्षं गेली होती, पण बाजारातल्या काट्यावर पन्नास वर्षं आकडे वाचत होती. तिने पानाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि खोकली.

एकदा.

दोघे श्वास धरून दुसऱ्याची वाट पाहत राहिले. भिंतीवरचं घड्याळ चाललं. बाहेर सागरने गाडीचा दरवाजा लावला. पार्बताबाईने पदर खाली केला. दुसरा खोकला आलाच नाही.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोकायचंही नाही."

"दमा हाय बाप्पा," पार्बताबाई म्हणाली.

पान उलटलं. "सहा." एक खोकला. "एकोणतीस," माया म्हणाली, जिथे दोन्ही गड्यांना खणखणीत सत्तर दिसत होते, आणि पुन्हा एकच खोकला. पुढची पानं वामनरावांनी पाहिलीच नाहीत. ते भिंतीला टेकून डोळे मिटून खोकले मोजत होते, शेवटपर्यंत पानामागे एकच, आणि देवमनने त्यांचा दंड धरला होता. कोण कोणाला धरून होतं ते सांगणं अवघड होतं.

परतताना माया हट्टाने मागे हौद्यात बसली, आजोबा आणि बापाच्या मधे. जिनिंगपाशी आल्यावर देवमनने घसा खाकरला.

"मामाजी. मंग इमान बंद पडलं तवा काय झालं?"

वामनरावांनी जावयाकडे नीट पाहून घेतलं. थट्टा नव्हती.

"काय होईन?" ते म्हणाले. "इमान हवेत बंद. आत माही नात बशेल. पन तिनं काई ढगावर पाय नाई देला, शिकेल पोरगी हाय थे. तिनं खाली पाह्यलं. धुऱ्यावर एक बुढा उभा होता, दोन झेंड्या घेऊन."

"कोनती झेंडी दाखवली त्यानं, आबाजी?" मायाने विचारलं.

"आता थे मले काय माहीत?" वामनराव म्हणाले. "तुह्या आजीले इचार."